जित्या बाईचं भूत

आष्टी,
ता. १८ फेब्रुवारी १९५७

रा. मधुकरराव यांस,

तुम्ही मला ओळखत नाही. मी कोकिळा, आष्टीच्या नत्थूजींची मुलगी. म्हणजे तुमची सख्खी मामेबहीण. इथल्या मुलींच्या शाळेत शिकवते. पत्राच्या सुरुवातीला नमस्कार लिहितात, तो माझ्याच्यानं लिहवत नाही.

परवा संध्याकाळी रेडिओवर तुमची श्रुतिका झाली. ग्रामपंचायतीच्या ओट्यावर रेडिओ असतो, तिथं अर्धी आष्टी जमते. 'एका जुन्या इंग्रजी भयकथेवरून मधुकर पुंडलिकराव यांनी लिहिलेली' असं निवेदक म्हणाला, आणि पुढं म्हणाला, 'वर्धा जिल्ह्यातल्या रोहणा गावी ही गोष्ट घडते.' लोकांनी टाळ्या वाजवल्या. आपल्या भागाचं नाव रेडिओत आलं म्हणून बाया पुढं सरकून बसल्या. माझी आत्याही बसली होती.

मग तुमची नंदिनी पटकीनं मेली. तिला नेली. मध्यरात्री ती मसणातून परत आली. अंगावर हिरवं लुगडं, कपाळभर कुंकू, पायात एकच जोडवं. तिनं दारावर नखं ओढली. त्या नखांचा आवाज कशाचा काढला होता तुम्ही? माझ्या शेजारची पोर आईच्या पदरात शिरली. शेवटी दार मोडून ती आत गेली आणि पाळण्यातल्या लेकराचा गळा तिनं धरला. लेकरू रडता रडता थांबलं, आणि मागं वाद्य वाजलं.

रोहण्याचे रूपराव हरभरा घेऊन आले होते, तेही ऐकत होते. ते सगळ्यांदेखत बोलून गेले, "हे तं आपल्या आनंदाबाईचीच गोष्ट होय! तिच्या पायात एकच जोडवं होतं." सगळी डोकी आत्याकडं वळली. ती उठली आणि घरी चालत आली. 

मधुकरराव, स्वतःच्या आईला कुणी चेटकीण करून गावोगाव ऐकवतं का? ज्या लेकराचा गळा तिनं धरला ते लेकरू तुम्हीच ना? मग हे लिहिलं कुणी?

तुमच्या बापानं एकदा तिला मारलं ते पुरलं नाही का?

कोकिळा


नागपूर,
ता. २३ फेब्रुवारी १९५७

श्रीमती कोकिळाबाई यांस,

आपलं पत्र मिळालं. भाषा वाचून वाईट वाटलं. शिक्षिकेला ती शोभत नाही.

माझी आई १९३० साली पटकीच्या साथीत वारली. मी तेव्हा अंगावर पिणारा होतो. दर वर्षी अविधवा नवमीला मी तिच्या नावानं सवाष्ण जेवू घालतो. तिचा फोटो नाही. तिचा चेहरा कसा होता हे मला माहीत नाही, आणि माणसाला याचं काय वाटतं ते आपल्याला कळणार नाही. तेव्हा तिचं नाव या वादात आणू नका.

मूळ कथा इंग्रजी आहे. जिवंतपणी पुरलेली बाई उठून घरी येते, एवढाच तिचा गाभा. आपल्या लोकांना ती आपली वाटावी म्हणून मी तिला आपल्याकडची माती लावली. दाराचा आणि जोडव्याचा भाग आमच्याकडच्या जुन्या गड्याकडून, लहानूकडून लहानपणी ऐकलेला. रोहण्यात एकाच्या घरी असं झालं होतं, असं तो सांगायचा. कुणाच्या घरी, ते त्यानं कधी सांगितलं नाही. रेडिओ केंद्राकडं स्तुतीची पत्रं येत आहेत, आणि पुढल्या महिन्यात श्रुतिका पुन्हा लागणार आहे.

मामांच्या घराशी आमचा संबंध का तुटला हे वडिलांनी कधी सांगितलं नव्हतं. आता अंदाज येतो. कुणा बाईला आमच्या घराण्याच्या नावावर बसवण्याचा विचार असेल तर त्यासाठी कोर्ट आहे.

मधुकर


आष्टी,
ता. २७ फेब्रुवारी १९५७

मधुकरराव,

तुमचं पत्र मी आत्यापुढं वाचलं. 'अंगावर पिणारा' इथपर्यंत आले आणि तिनं हात वर केला. म्हणाली, "त्याले ठाऊकच नाई वं. त्या माणसानं पोरालेही सांगतलं का मी मेली."

म्हणजे तुम्हाला खरंच माहीत नव्हतं. पहिल्या पत्रातला तेवढा राग मी मागं घेते. बाकीचा नाही.

आता ऐका. हे मला माझ्या बाबांनी सांगितलं, रोहण्याच्या तानाबाईनं सांगितलं, आणि काल आत्यानं स्वतः सांगितलं. आजवर ती यावर बोलली नव्हती.

त्या पावसाळ्यात रोहण्यात पटकी होती. रोज कुणी ना कुणी जायचं. आत्याला ओकाऱ्या-जुलाब लागले, सकाळपर्यंत हातपाय गार पडले, नाडी सापडेना. गेली म्हणून तिला हिरवं नेसवलं, कुंकू भरलं आणि नाल्याकाठी नेली. तिथं पावसानं झोडपलं. सरण पेटेना. पटकीच्या मढ्याजवळ कोण थांबतो? कोरडी लाकडं आणायला म्हणून सगळे पांगले.

ती उठून बसली तेव्हा तिथं कुणी नव्हतं. ती पडत, बसत, चिखलातून घरी आली. एक जोडवं तिथंच कुठंतरी गेलं. आणि मधुकरराव, ती मध्यरात्र नव्हती. भर दुपार होती. गल्लीत माणसं होती, आणि सगळ्यांनी दारं लावून घेतली. तुमच्या वडिलांनीही लावलं.

तिनं नखं ओढली नाहीत. तिच्या अंगात नखं ओढण्याइतकं बळ नव्हतं. आत तुम्ही रडत होतात. ती दाराला डोकं टेकून म्हणत होती, "पोरगं भुकेलं आहे. त्याले माह्याजवळ द्या. मी आंदर नाई येत. ओट्यावरच बसून पाजतो."

एवढंच म्हणत होती. दिवस कलेपर्यंत.

शेवटी महारवाड्यातली तानाबाई आली. तिनं तिला आपल्या घरी नेलं, कोरडं लुगडं दिलं, पेज पाजली. तानाबाईच्या नवऱ्यानं बैलगाडीतून तिला आष्टीला आणून सोडलं. महिनाभरानं ती चालू-फिरू लागल्यावर माझे बाबा चार भले लोक घेऊन रोहण्याला गेले. तुमचे वडील त्यांना म्हणाले, "माझी बायको जळली. तेरावं झालं. तुमच्या घरी कोण आहे ते तुम्ही पाहा." आणि मूल दाखवलंसुद्धा नाही. त्याच दिवाळीनंतर त्यांचं दुसरं लग्न झालं, आणि ते रोहण्याची शेती बटाईनं देऊन नागपूरला गेले.

आत्या इथं सुईणीचं काम शिकली. या गावातली निम्मी पोरं तिच्या हातावर आलेली. माझ्या वर्गातल्या मुलींना ती नावानं नाही, 'ही पायाळू', 'ही सातव्यातली' अशी ओळखते. तुमच्या श्रुतिकेनंतर काय झालं सांगू? चंद्रभानच्या बायकोला आठवा महिना चालू आहे. त्याच्या आईनं आत्याला निरोप पाठवला, 'येऊ नका.' दुसऱ्या घरी ती बाळंतिणीला पाहायला गेली तर सासूनं मूल उचलून आत नेलं. विहिरीवर बाया बाजूला सरकतात. बौद्ध झालेल्यांच्या वस्तीतून मात्र बोलावणं येतं. तिथल्या बायांनी तिला सांगितलं, "आम्ही आता भूतबित मानत नाई, आत्याबाई. तुमी या."

तुम्ही सवाष्ण जेवू घालता! जिच्या नावानं घालता ती इथं ज्वारीची कोरडी भाकरी खाऊन बसली आहे, तुमच्यामुळं.

कोर्टात जा. आम्ही येतो.

कोकिळा


नागपूर,
५ मार्च ५७

कोकिळाबाई यांस,

तुमचे पत्र आमच्या मुलाच्या टेबलावर सापडले. यापुढे त्यास पत्र लिहू नये.

आमची प्रथम पत्नी सौ. आनंदाबाई कैलासवासी झाली, हे सर्व रोहण्यास ठाऊक आहे. धर्माप्रमाणे जे करावयाचे ते आम्ही केले. तुमच्या वडिलांनी त्या वेळी तमाशा केला, तो आम्ही त्यांच्या वयाकडे पाहून सोडून दिला. तुम्ही बाईमाणूस आहात आणि नोकरी करता. शाळेच्या वरिष्ठांपर्यंत गोष्ट गेल्यास तुमचेच नुकसान.

तुमच्या घरी जी बाई आहे तिला सांभाळा. तिचा आमचा काही संबंध नाही.

पुंडलिकराव


नागपूर,
ता. १९ मार्च १९५७

प्रिय कोकिळा,

उत्तराला उशीर झाला. चारपाच पत्रं लिहून फाडली.

तुझं पत्र वाचून मी आधी लहानूकडं गेलो. तो आता थकला आहे, डोळ्यांनी दिसत नाही, कापसाच्या जिनिंगच्या मागं मुलाकडं राहतो. मी म्हटलं, "लहानूबुवा, ते रोहण्याचं घर कोणाचं होतं?" तो म्हणाला, "तुह्यंच." मी विचारलं, "ती भूत होती का?"

म्हणाला, "दाराले आडणा म्याच लावला होता बापू. मालकानं लाव म्हनलं, म्या लावला. फटीतून पाह्यलं. तू रडला का तिची चोयी वली व्हाची. भुताले पान्हा कुठून येईन?" मी म्हटलं, मग मला भुताची गोष्ट म्हणून का सांगितलीस? तर म्हणाला, "खरी कशी सांगू? अन् सांगतल्याबिगर राहवे नाई."

मी तिथून सरळ घरी आलो.

वडील ओसरीवर सुपारी कातरत बसले होते. मी सरळ विचारलं. त्यांनी नाही म्हटलं नाही, कोकिळा. म्हणाले, "सारा गाव भेला होता. मी एकटा काय करणार?" मी म्हटलं, त्या दिवशीचं समजलं. भीतीनं माणूस काहीही करतो. पण महिन्यानं मामा आले, चार लोक सांगत होते ती जिवंत आहे, जेवते, चालते, तेव्हा कसली भीती होती? ते सुपारी कातरत राहिले. मग म्हणाले, "तेव्हा तुह्या या आईची सोयरीक पक्की झाली होती. लोकांत काय तोंड दाखवलं असतं?"

तेरावं झालं आणि लगेच सोयरीक. मी त्यांच्यापुढचं सुपारीचं तबक फेकलं. मला असं काही करता येतं हे मलाच माहीत नव्हतं. धाकट्या आईनं दारातून सगळं ऐकलं. ती बाई वाईट नाही, तिनं मला पोटच्यासारखं वाढवलं. ती फक्त म्हणाली, "मंग मी कोण होय इथं?" 

मी घर सोडलं आहे. मित्राकडं, सीताबर्डीला आहे.

आता मी ठरवलं आहे. श्रुतिका पुन्हा लागायची आहे, ती मी बदलतो. नंदिनी भूत नाही, जिवंत आहे, हे शेवटी कळतं. दार उघडतं. नवरा तिच्या पाया पडतो. मी लिहायला घेतलं आहे आणि लिहिताना दोनदा रडलो. ज्या रेडिओनं तिचं नाव घालवलं त्याच रेडिओवरून ते परत मिळवून देईन. तिचे खरे शब्द मला हवेत. ओट्यावरचे. ती सांगेल का?

आणि मी कधी येऊ? एखाद्या दिवशी शेवटच्या मोटारीनं आलो तर गावात फार बोभाटा होणार नाही.

मधुकर


आष्टी,
ता. २४ मार्च १९५७

मधुकरराव,

तुमचं पत्र आत्याला वाचून दाखवलं. ती ऐकता ऐकता इतकी संतापली की मी घाबरले. मी तिला असं कधी पाहिलं नव्हतं. पुढचं सगळं तिनं सांगितलं तसं लिहिते आहे. एक शब्द बदलू नको म्हणाली.

"मधुकर, मले रेडिओत घालू नोको. वाईट बाई म्हणून नोको अन् चांगली बाई म्हणूनबी नोको. कोणी नाटकवाली माह्या नावानं रडन अन् लोक चाय पेत आयकतीन, हे मले पायजे नाई. नवरा पाया पडला म्हणून लिवतं? कधी पडला तो? जे झालंच नाई ते लिवून तू कोणाचं मन राखून राह्यला? त्याचं का तुह्यं?

ओट्यावर मी काय बोलली ते तुह्यासाठी बोलली होती. लोकायसाठी नाई. ते कोकिळेनं तुले लिवलं, तेवढं पुरे.

मले वाटत होतं, पोरगं मोठं होईन, पुसत पुसत येईन. मी काही सती नाई का मनात राग धरू नये. मले तुह्या बापाचा राग आहे, त्या गल्लीचा आहे, अन् तुहाबी आहे. तू लायना होता तेव्हाचा नाई. आताचा. तू शिकला, बुकं वाचले, अन् बाई दारात उभी आहे म्हटल्यावर तुले ते भूतच दिसलं. ते काय म्हणून राह्यली, हे पुसावं वाटलं नाई तुले?

यायचं तं ये. पण शेवटच्या मोटारीनं नाई. चोरासारखा येशीन तं परत जाजो. बाजाराच्या दिवशी ये, सकाळच्यान, सारा बाजार भरला का. तिथं उभा राहून सांग मी कोण होय. माह्यं नाव तू माणसायच्या पुढं घालवलं, माणसायच्या पुढंच दे."

इतकं सांगून ती गोठ्यात गेली. मी माझ्याकडचं काही लिहीत नाही.

कोकिळा


आष्टी,
ता. ९ एप्रिल १९५७

पुंडलिकराव यांस,

आपली चिठ्ठी मित्राच्या पत्त्यावर मिळाली. 'आजपासून तू आम्हांस मेलास' असं आपण लिहिलं आहे. आपल्या हातून हे दुसऱ्यांदा झालं. या वेळी लाकडं आणायची घाई नव्हती, एवढाच फरक.

आपल्याला कळवलं पाहिजे म्हणून लिहितो. श्रुतिका मी रद्द करवली. तिथले साहेब समजूत घालत होते, लोकांना ती पुन्हा हवी आहे म्हणत होते. मी लेखी दिलं, माझं नाव लावून ती लागणार नाही. नवीनही लिहिणार नाही.

मग मी पुलगावहून आर्वीच्या छोट्या गाडीनं आणि पुढं मोटारीनं आष्टीला आलो. बाजार भरला होता. मोटार थांबते तिथंच मिरच्यांचे ढीग लागतात. कोकिळा उतारूंत मला शोधत होती. मी तिला ओळखलं नाही, तिनं मला ओळखलं. म्हणाली, "तुमची हनुवटी आत्याची आहे." आजवर मला कुणी असं काही सांगितलं नव्हतं.

आई बांगड्यांच्या दुकानाशेजारी उभी होती. उंच आहे. मी ती बारीक, वाकलेली असेल असं धरून चाललो होतो. केस अजून निम्मे काळे आहेत. मी पाया पडायला वाकलो तर तिनं खांदा धरून मला सरळ केलं. म्हणाली, "आधी सांग."

मी रेडिओवर बोलतो, नाटकं बसवतो. त्या बाजारात पहिलं वाक्य मला दोनदा सुरू करावं लागलं. चार लोक थांबले, मग दहा, मग वाट बंद झाली. मी म्हणालो, मी मधुकर, रोहण्याच्या पुंडलिकरावांचा मुलगा. रेडिओत ती गोष्ट मी लिहिली. ती खोटी आहे. ही बाई मेली नव्हती, हिच्या अंगात काही शिरलं नव्हतं. हिच्या नवऱ्यानं आणि गावानं हिला दाराबाहेर ठेवलं. ही माझी आई आहे.

 एक म्हातारा हसला. मग मिरच्या विकणारी एक बाई बसल्या जागेवरून मोठ्यानं म्हणाली, "माय होय म्हणतं, तं इतके वर्सं कुठं होता रे?"

मी म्हणालो, मला माहीत नव्हतं. हे मी खरंच बोललो. पण त्या बाजारात ते किती लहान वाटलं ते आपल्याला सांगून उपयोग नाही. ती बाई म्हणाली, "पुसलं असतं तं माहीत झालं असतं," आणि गिऱ्हाइकाकडं वळली. आईनं तिला गप्प केलं नाही. मला सोडवलंही नाही. ते संपेपर्यंत माझ्या बाजूला उभी राहिली फक्त.

घरी आल्यावर तिनं मला वाढलं. मी जेवत असताना चंद्रभान म्हणून एक शेतकरी अंगणात आला. त्याच्या आईनं महिन्याआधी आईला 'येऊ नका' असा निरोप पाठवला होता. आता त्याच्या बायकोला कळा सुरू झाल्या होत्या, आणि तो मान खाली घालून उभा होता. आई त्याला इतकं बोलली, इतकं बोलली की मी हात ताटातच ठेवून बसलो. "माह्या हातानं जलमला तू! अन् तुही माय मले येऊ नोको म्हणते?" बोलत बोलतच तिनं पिशवी भरली, बोलत बोलतच त्याच्या बंडीत बसली. बंडी वळली तरी तिचा आवाज येत होता. बाकीच्या घरांतून अजून बोलावणं नाही. येईल की नाही माहीत नाही.

माझ्यावरचा तिचा राग गेलेला नाही. मी इथं येऊन आठवडा झाला. ती मला 'तू' म्हणते, जेवू घालते, विहिरीवर पाठवते, आणि मधेच कशावरून तरी भडकते. काल म्हणाली, "तुले चालाले कोणी शिकवलं?" मी म्हणालो, धाकट्या आईनं. ती म्हणाली, "तिले घेऊन येजो एखाद्या वेळेस." तेव्हा धाकट्या आईला यायचं असेल तर मी घ्यायला येईन. तिला हे वाचून दाखवा. नाही दाखवलंत तर मी येऊन सांगेन.

मी आर्वीच्या हायस्कूलमध्ये नोकरीसाठी अर्ज केला आहे. नागपूरला परत येणार नाही.

आज हे पत्र लिहायला बसण्याआधी मी आईला विचारलं. ती दोरीवर लुगडं वाळत घालत होती. मी म्हटलं, "आई, मी नागपूरला पत्र लिहितो आहे. तुला काही सांगायचं आहे का?"

तिनं लुगड्याची किनार झटकून सरळ केली आणि म्हणाली, "कोणाले?"

मधुकर आनंदाबाई